पाटावर बूट चालणार नाही

आमच्या प्रयोगशाळेत माणसं चालतात आणि शिकलेली माणसं बसून त्यांच्याकडे बघतात. कुणी विचारलं तर कामाचं स्वरूप मी असंच सांगतो. दारावरची पाटी लांबलचक आहे. ती मला एका दमात वाचता येत नाही आणि तशी गरजही कधी पडली नाही.

खोली लांब, मधोमध चालायची पट्टी, भिंतींना कॅमेरे. पट्टीच्या मध्यावर जमिनीच्या पातळीत धातूचा एक चौकोनी पाट बसवलेला आहे. त्याच्यावर पाय पडला की टाच आधी टेकली का चवडा, भार किती पडला आणि कुठून कुठे सरकला, ते सगळं कॉम्प्युटरवर रेघांत उमटतं. त्याला इंग्रजीत दुसरं नाव आहे. मी पाट म्हणतो. माझं ऐकून आता सगळेच पाट म्हणतात, मुख्य सरसुद्धा. बाहेरचे पाहुणे आले की तेवढ्यापुरते सावरतात.

मी इथला तंत्रज्ञ. शाळा सातवीत सोडली, सातपूरच्या एका कारखान्यात लेथवर उमर घालवली. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा इथल्या जुन्या सरांनी तिथलं एक लेथ मशीन लिलावात उचललं आणि त्याच्याबरोबर मलाही आणलं. मशीन अजून चालतं, मीही चालतो. सुरुवातीला पोरं मला मामा म्हणायची. कॉलेजात शिपायाला मामा म्हणतात, ते मला ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना उभं करून सांगितलं, "तुमच्या आईला माझ्यासारखा भाऊ असता तर तुम्ही जरा बरे निपजला असता. मिस्त्री म्हणायचं." तेव्हापासून मिस्त्री म्हणतात. फक्त पीएचडी करणारी एक मुलगी काका म्हणते, तिला मी सोडून दिलं.

इथे येणाऱ्याच्या कमरेला, गुडघ्याला, घोट्याला चकाकणारे छोटे गोळे चिकटवायचे, ते कॅमेऱ्याला दिसतात. मग सर म्हणतात, "आता अगदी नॉर्मल चाला." झालं. आयुष्यभर नीट चाललेला माणूस त्या दोन शब्दांनी बिघडतो. कुणी छाती काढून परेडसारखा चालतो, कुणी पावलं मोजत नवरीसारखा. इंजिनिअरिंगची पोरं तर त्याहून वाईट. मान खाली, अंगठा मोबाईलवर, पाय फरफटत. त्यांच्या रेघा कॉम्प्युटरवर बघितल्या की वाटतं, या पाटानं काय पाप केलं होतं.

पाटाचं सगळं माझ्याकडे. त्याच्याखालचे बोल्ट, त्याची पातळी, त्याच्या कडेची फट. आणि दार. चपला-बूट दाराबाहेर, हा नियम धुळीसाठी सरांनीच केला. पण पाळायला लावला मी. सर स्वतः एकदा बूट घालून आत आले होते. मी फक्त त्यांच्या पायांकडे बघत उभा राहिलो. ते बोलता बोलता मागे मागे सरकत दाराबाहेर गेले आणि मोज्यांवर परत आले. मोजा अंगठ्याला फाटलेला होता.

दसऱ्याला लेथची आणि पाटाची पूजा मी करतो. कुंकवाचं स्वस्तिक, झेंडूची माळ, नारळ. सरांचा देवाधर्मावर विश्वास नाही असं ते वर्षभर सांगतात आणि त्या दिवशी फोटोला सगळ्यात पुढे असतात. फोटो झाला की हात पुसतात. पाट मी ओल्या फडक्यानं स्वच्छ करतो, पण कडेच्या फटीत थोडं कुंकू राहतं ते राहतं. ते मी मुद्दाम कोरून काढत नाही.

अशाच एका दसऱ्यानंतर विंचूरकडचा तो माणूस आमच्याकडे येऊ लागला.

तो कांद्याच्या बाजारात लिलाव पुकारायचा. हे काम बसून होत नाही. कांद्यानं भरलेले ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, व्यापाऱ्यांचा घोळका एका ट्रॉलीवरून दुसऱ्या ट्रॉलीवर सरकत जातो, आणि पुकारणारा त्या घोळक्याच्या तोंडाशी चालत असतो. खाली चिखल, टरफलं, ट्रॅक्टर-ट्रॉली जोडणाऱ्या दांड्या. याचा उजवा पाय हायवेवर मोटारसायकलसकट गेला, गुडघ्याच्या वरून. नंतर जो नकली पाय मिळाला त्याचा गुडघा ताठ. घोळका पुढच्या ट्रॉलीला पोचायचा आणि हा मागच्या ट्रॉलीची दांडी ओलांडत असायचा. शेवटी त्याला वजनकाट्याच्या खिडकीत पावत्या फाडायला बसवलं. आवाज असा की खिडकीतून नुसतं "पुढचा!" म्हणाला तरी बाहेरचे दोघे दचकायचे. आणि काम काय, तर पावत्या.

एका कंपनीनं चालताना आपोआप वाकणारा नवा गुडघा आमच्याकडे तपासणीसाठी दिला होता. तो याच्या पायाला बसवला. ठरलं असं होतं, की आमच्या पाटावर त्याची चाल नीट आली तर गुडघा त्याचाच. नाही आली तर गुडघा काढून कंपनीला परत, मग तो दुसऱ्या कुणाच्या तरी पायाला. पहिल्याच दिवशी त्यानं मला विचारलं, "मिस्त्री, हा गुडघा माझ्याकडं ऱ्हाईल ना?"

"गुडघ्याला विचार," मी म्हटलं.

"तुमच्या पाटाला इचारतो," म्हणाला आणि खरंच वाकला. दाराबाहेर दोन्ही बूट काढून आलेला. नकली पायाचा बूट काढणं म्हणजे दोन्ही हातांनी ओढाओढ. पण तो काढला, मला सांगावं लागलं नाही. मग पट्टीवरून चालत आला, पाटाच्या कडेचं कुंकू त्याला दिसलं, आणि पाटावर पाय ठेवण्याआधी खाली वाकून त्यानं पाटाला हात लावला आणि हात कपाळाला नेला. कॉम्प्युटरवर तिसराच पाय उमटला. सर ओरडले, "हात नाही लावायचा! नॉर्मल चाला!"

"नॉर्मलच हाय हे," तो म्हणाला.

मग असं ठरलं की पट्टीवर चढण्याआधीच काय पाया पडायचं ते पडून घ्यायचं. पण चाल काही सुधारेना. गुडघा वाकायला पाहिजे तेव्हा वाकतच नव्हता. तो चढ चढल्यासारखा चालायचा, अंग मागे रेलायचं, पाय ताठच्या ताठ पुढे यायचा. पुन्हा पुन्हा बोलावलं, तेच. गुडघ्याचे स्क्रू फिरवून झाले, गुडघ्यातला कॉम्प्युटर नव्यानं लावून झाला. सर खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "मांडीचे स्नायूच कमजोर आहेत. गुडघा काय करणार?"

त्या माणसानं आपली मांडी दोन्ही हातांनी दाबून बघितली. लिलाव पुकारणारा माणूस गप्प बसला की खोली उगाच मोठी वाटते.

मलाही त्याचा राग यायला लागला होता, खोटं कशाला सांगू. इतका महागाचा गुडघा, आणि हा बैलासारखा ताठ. मनात म्हटलं, बाबा रे, तुझ्या नशिबात खिडकीच आहे.

शेवटच्या खेपेला त्याची बायको बरोबर आली. एरवी मेहुणा पिकअपमधून सोडून जायचा. बाई दाराबाहेरच्या बाकावर बसली, नवऱ्याचे बूट पायाशी घेऊन, आणि दाराच्या काचेतून आत बघत राहिली. एक फेरी झाली, दुसरी झाली. मग तिनं दार उघडून डोकं आत घातलं.

"हे आसं काय चालायलेत?"

सर म्हणाले, "ताई, तुम्ही बाहेर बसा."

"बसते की. पण हे घरी आसं चालत नायत."

"घरी तुमच्या नजरेला सवय झालेली असते ना, म्हणून फरक दिसत नाही."

बाई आत आली. चपला बाहेर काढूनच आली, तेवढं मी बघितलं. "साहेब, एवढी वर्सं संसार केला ह्या माणसाशी. दारू पिऊन आले का भांडून आले, ते मला फाटकातून चालीवर कळतं. आन मला चाल दिसंना व्हय? वस्तीवरून खळ्यापर्यंत नीट जातात. गुडघा असा वाकतो," तिनं हाताचं कोपर वाकवून दाखवलं. "हितं काय भूत बसतं का त्यात?"

काका म्हणणारी ती मुलगी कॉम्प्युटरवरून उठली. "आणि घरात? घरात कसे चालतात?"

"घरात कुठं चालतात? घरात आलं की पायच काढून ठिवतात, दारामागं."

मुलगी म्हणाली, "दादा, जरा बाहेर व्हरांड्यात चालून दाखवता?"

तो वैतागला होता. दाराशी गेला, बाकावर बसला, बायकोच्या खांद्याला धरून दोन्ही बूट चढवले आणि व्हरांड्यातून चालत सुटला. आणि गुडघा वाकला. सरळ, सोपा, दर पावलाला. व्हरांड्याच्या टोकाला वळून परत आला तोही तसाच. सर दारात, मी सरांच्या मागे, आमच्यामागे पोरं. कुणी 'नॉर्मल चाला' म्हटलेलं नव्हतं.

तो दाराशी आला, बाकावर बसला, बूट काढले, आत पाय टाकला. पुन्हा ताठ.

मुलीनं त्याचा उजवा बूट उचलून उलटा केला आणि टाचेवर बोट ठेवलं. "सर, बूट," ती म्हणाली. "पाय बसवला तेव्हा बुटासकट मापला होता. टाच काढली की अख्खा पाय मागे कलंडतो. ते चढ चढतायत, खरंच चढ चढतायत. गुडघा कसा वाकणार?"

इतके दिवस इतकी डोकी. पाय बसवणारा, गुडघा लावणारा, सर, पोरं, मी. एकालाही सुचलं नाही. सुचणार कसं? दारात पायातलं काढायचं, यात विचार करण्यासारखं काही असतं हेच आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. श्वास घेताना कोण विचार करतं. सर मात्र लगेच म्हणाले, "मला शंका होतीच." ती शंका त्यांनी कुठल्या खिशात ठेवली होती ते मी विचारलं नाही.

"चला, मग बूट घालून या आत," सर म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "या." दार माझं होतं, तरी म्हटलं. माणसाचा गुडघा जात होता.

तो जागचा हलला नाही. "बूट घालून? पाटावर?"

"हो."

"पाटावर बूट चालणार नाय."

"अरे, मीच म्हणतोय, चालेल. मशीन आहे ते."

"मिस्त्री, कुंकू कुणी लावलंय त्याला?" त्याचा आवाज खिडकीतल्या आवाजासारखा झाला. "आमच्याकडं दसऱ्याला काट्याची पूजा व्हती. मोठाल्या गाड्या तोलणारा काटा. त्येच्यावर पाय ठिवायचा तर अनवाणी, हात लावून. तुमचा बी काटाच हाय. माणूस तोलता तुमी. त्येच्यावर कांदेबाजारातला चिखल तुडवलेला बूट? पाय एक गेला माझा, लाज नाय गेली."

सर म्हणाले, "आपण कुंकू पुसून घेऊ. डेटॉल लावून."

"पुसलं म्हंजी काय देव रिटायर झाला?"

एक पोरगा दवाखान्यात बुटांवर चढवतात तसल्या निळ्या पिशव्या घेऊन आला. त्या माणसानं पिशवी बोटात धरली, उलटीसुलटी केली. "पिशवीत घातला म्हणून बूट काय परसाद झाला?"

त्याची बायको उसळली. "पाय गेला तवा मला वाटलं, अक्कल तरी वाचली. ती बी त्याच दिवशी हायवेवर सांडलेली दिसती. घाला बूट! खिडकीत बसून बसून घरात पावत्या फाडल्यासारखं बोलता. परत पुकारायला जायचंय का नाय?"

"जायचंय."

"मग?"

"मग काय? पाटाला बूट लावून मिळवलेला गुडघा घिऊन मी काट्यावर कुठल्या तोंडानं जाऊ?"

सरांनी घड्याळ बघितलं. कंपनीला आज कळवायचं होतं. ते अगदी शांत आवाजात म्हणाले, "मग गुडघा परत जाईल. तुमचा निर्णय." शिकलेली माणसं अशा वेळी फार सभ्य होतात.

"जाऊ द्या," तो म्हणाला. पण हे त्यानं पुकारल्यासारखं म्हटलं नाही. खाली बघून म्हटलं, आणि हात गुडघ्यावर ठेवला, जनावराच्या पाठीवर ठेवावा तसा.

असला हट्टी माणूस मी दुसरा बघितलेला नाही. म्हणजे, आरशात सोडून. संताप येत होता, आणि त्याला मूर्ख म्हणायला जीभ उचलत नव्हती, त्याचा आणखी संताप. पूजा मी केली होती. ती फोटोपुरती होती असं मी सरांसारखं म्हणू शकत नव्हतो.

मी वर्कशॉपमध्ये गेलो. सागवानाची एक फळी पडलेली होती. मागे मुलगी आली, हातात बूट आणि माप घ्यायची पट्टी. तिनं टाचेची उंची मापली, चवड्याची मापली, मी फळीवर रेघ मारली. टाचेला जाड, चवड्याकडे उतरती. करवतीनं कापली, कानशीनं घासली. नकली पायाच्या तळव्याला बसेल असा खळगा केला, वर बांधायला नवारीच्या पट्टीचे बंद.

"काका, दुसऱ्या पायालाही लागेल," ती म्हणाली. "नाहीतर एक पाय उंच होईल."

"माहीत आहे," मी म्हटलं. तोवर मला सुचलेलं नव्हतं. पण तिला म्हणालो, माहीत आहे, आणि दुसरी कापायला घेतली.

दोन्ही घेऊन आत गेलो आणि त्याच्या पुढ्यात ठेवल्या. त्यानं एक हातात घेतली, वास घेतला.

"चामडं नाय ना?"

"सागवान."

"कुठं बाहेर वापरलंय?"

"आत्ता कापलं. भुसा अजून माझ्या मिशीत आहे."

त्यानं फळी पालथी केली, टाचेच्या जाडीवरून अंगठा फिरवला. खोलीतल्या प्रत्येकाला दिसत होतं की हे काय आहे. टाच असलेलं, बंद असलेलं, पायात घालायचं. सरांना दिसत होतं, पोरांना दिसत होतं. त्याच्या बायकोनं तर पदर तोंडाला लावला होता. कुणी तोंड उघडलं असतं तर मी त्याला व्हरांड्यात फेकला असता.

"हा काय बूट नाय," तो शेवटी म्हणाला.

"नाहीच," मी म्हटलं.

"पायाचाच भाग झाला."

"झालाच."

त्यानं दोन्ही फळ्या पायांना बांधून घेतल्या. पट्टीच्या टोकाला जाऊन वाकला, जमिनीला हात लावला, कपाळाला नेला. सरांनी तोंड उघडलं तसं मुलीनं त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी मिटलं. तो चालत आला. सागवान वाजत होतं, टक् टक्, आणि पाटावर उजवा पाय पडला आणि उचलताना गुडघा वाकला. पुन्हा पाठवलं, पुन्हा वाकला. पुन्हा पाठवलं. मुलगी कॉम्प्युटरजवळ उभीच होती. रेघ कशी आली ते मला वाचता येत नाही, पण तिचा चेहरा वाचता येतो.

"राहिला दादा गुडघा," ती म्हणाली.

बायकोनं रडायला सुरुवात केली आणि रडता रडताच त्याला शिव्या घातल्या. तो फळ्या सोडत होता, त्याला ऐकू गेलं नाही किंवा त्यानं ऐकलं नाही. सर म्हणाले, कंपनीसाठी व्हिडिओ काढायचा आहे, आणखी एकदा चाला. तो म्हणाला, "सकाळधरनं चालतोय साहेब. आता बाजारात चालीन." आणि बाकावर जाऊन बूट घालायला लागला. माझे आभार मानले नाहीत. मानले असते तर मला आवडलं नसतं.

सरांनी नंतर यावर काहीतरी लिहिलं. त्यात सागवान नव्हतं, कुंकू नव्हतं, ती बाई नव्हती. पायाखाली योग्य उंची ठेवली, एवढंच होतं, असं मुलीनं सांगितलं. मी म्हटलं, बरंच झालं. तेवढंच त्यांना कळलं.

उन्हाळ्यात एका लग्नाला निफाडकडे जाणं झालं, तिथून तसाच विंचूरला गेलो. लोकांना सांगितलं, बहिणीसाठी साठवणीचे कांदे घ्यायचेत. कांदे घ्यायला नाशकाहून विंचूरला कोण जातं, पण कुणी विचारलं नाही. बाजारात शिरलो तर ट्रॅक्टरची रांग पार फाटकापर्यंत. आवाज आधी आला. मग घोळका आला, टोप्या, गॉगल, हातात कांदे घेऊन दाबून बघणारे व्यापारी, आणि त्यांच्या तोंडाशी तो. भाव ओरडत, मान वर, एक हात हवेत. एक ट्रॉली झाली. पुढच्या ट्रॉलीच्या आधी जाड दांडी आडवी होती आणि तिच्या या बाजूला मी उभा.

"ओ बाबा, रस्ता सोडा! मागं सरका, मागं!"

मला बघून म्हणाला का न बघता, ते अजून कळलेलं नाही. मी सरकलो. त्यानं पुकारता पुकारताच दांडी ओलांडली, डावा पाय आधी, मग उजवा. उजवा वाकला आणि पलीकडे गेला. बूट चिखलानं घोट्यापर्यंत भरलेले होते. मागून व्यापारी एकेक करत दांडीवरून गेले, त्यातले दोघे-तिघे त्याच्यापेक्षा हळू. मी टरफलांत उभा राहून त्यांच्या पायांकडे बघत होतो. मग पुढच्या ट्रॉलीवरून त्याचा आवाज आला.